गावाचा एकच लिनक्स

(मुकुटबन येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. सुरक्षेचे नियमित अपडेट बंद झाले. वर्षभराची वाढीव सवलत घेता येते, पण तीही संपणारच. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारण २०१८ च्या पुढचा लागतो. आपल्याकडे शाळेत, कृषी केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात जे संगणक आहेत, त्यांतले बरेच त्याआधीचे असतील. कीबोर्ड धड, स्क्रीन स्वच्छ, मशीन सुरू होतं. तरी दुकानदार सांगतो, आता नवीन घ्या. नाहीतर क्रॅक मारून देतो म्हणतो. त्या क्रॅकसोबत मशीनमध्ये आणखी काय शिरलं, ते ना त्याला माहीत असतं ना आपल्याला.

हे मशीन टाकून देण्याची गरज नाही. त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली टाका. आणि एक आग्रह मी आज धरणार आहे: कोणतं लिनक्स, हे प्रत्येकानं आपापलं ठरवू नका. गावानं मिळून एकच ठरवा.

लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकीचा विद्यार्थी. त्यानं १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढं तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. रिचर्ड स्टॉलमन यांची ग्नू चळवळ १९८३ पासून हेच सांगत होती, की प्रणाली वापरा, तपासा, बदला, दुसऱ्याला द्या. त्या गाभ्याभोवती लोकांनी शेकडो संच बांधले. नवखा माणूस इथंच गोंधळतो. उबंटू, मिंट, झोरिन, फेडोरा, डेबियन. सी-डॅकनं भारतीय भाषा डोळ्यांपुढं ठेवून केलेलं बॉस. जो तो आपलंच चांगलं म्हणतो.

माझं मत विचाराल तर लिनक्स मिंट. स्टार्ट मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, फोल्डर नेहमीसारखे. विंडोजवर हात बसलेल्याला पहिल्याच दिवशी काम करता येतं. मिंटच्या २२ व्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. रॅम ४ जीबी असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ असेल तर सिनॅमन. रॅम २ जीबीच असेल तर मिंट सुरू होईल, पण ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की अडखळेल. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर प्रणाली बदलून पडत नाही एवढा फरक पडतो. खर्च करायचाच असेल तर तिथं करा.

पण मिंट की झोरिन यापेक्षा ‘एकच’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मिंटची फाईल जवळपास ३ जीबीची आहे. आपल्या मोबाईलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबी. प्रत्येकानं ती उतरवायची म्हटली तर अर्धं गाव तिथंच थांबेल. एकानं उतरवली की बाकीच्यांनी पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्यावी; परवान्याप्रमाणं ते रीतसर आहे, चोरी नाही. दुसरं, अडलं की विचारायचं कोणाला? वणीला मशीन घेऊन जायचं तर दिवस मोडतो. शेजारच्या घरात तेच मिंट असेल, तर शेजारची पोरगी पाच मिनिटांत सांगेल.

केरळनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. आयटी@स्कूल प्रकल्पातून तिथल्या सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर गेल्या. शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं आणि शाळाशाळांत एकच संच गेला. २०१८ मध्ये तिथं ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळं सुरू झाली. मुलं यंत्राशी झटतात, शिकतात. झरी-जामणी तालुक्यात हे का होऊ नये, याचं मला एकही पटणारं कारण सापडलेलं नाही.

आता प्रत्यक्ष काम. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. बलेना एचर किंवा रुफस या मोफत प्रोग्रामनं त्यावर फाईल चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. मशीन बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेनूचं बटण दाबा. डेल-लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडतं, डिस्कला हात न लावता. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आपण उगवण पाहतो, तशी ही पाहणी. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कागद छापला जातो का, सगळं बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर सरळ चालतात. कॅनन २९०० सारख्या जुन्या लेझर प्रिंटरला वेगळी खटपट लागते. वायफाय लागलं नाही तर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा.

मराठीही तेव्हाच तपासा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि ‘वऱ्हाड’ लिहून पाहा. शिफ्ट धरून ‘जे’चं बटण दाबलं की ऱ येतो, मग ‘डी’ दाबून पाय मोडा, पुढं ह. हा ऱ्ह नीट जुळून दिसला म्हणजे फॉन्ट ठीक आहे. जुन्या फाईली मात्र कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर अक्षरं भलतीच दिसतील. दोष लिनक्सचा नाही, ते फॉन्टच युनिकोडचे नव्हते. त्या फाईली आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

समाधान झालं की इन्स्टॉल. त्याआधी फोटो, सातबारे, हिशेब बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी, कारण मधेच लाईट गेली तर काम अर्धवट राहतं. मग एक पान येतं. त्यावर दोन मुख्य पर्याय: विंडोजच्या शेजारी टाका, किंवा ‘इरेज डिस्क’. दुसऱ्यानं सगळं पुसलं जातं. त्या पानावर एकट्यानं बसू नका. दोघांनी वाचा, मोठ्यानं वाचा, मगच पुढं जा. पहिल्या वेळी शेजारी टाकणं बरं. पुढं नाव, पासवर्ड आणि वेळेसाठी कोलकाता, एवढंच. सुरू झालं की अपडेट करून टाइमशिफ्ट लावा; पुढं एखादं अपडेट बिघडलं तर प्रणाली मागच्या तारखेला परत नेता येते. तुमच्या फाईलींचा बॅकअप मात्र वेगळाच ठेवावा लागतो.

लिब्रेऑफिस त्यात आधीच असतं. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे धडे मराठीतही आहेत, मोबाईलवर बघता येतात.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी मात्र घाई करू नये. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, सरकारी पोर्टल हे लिनक्सवर चालतं की नाही, ते आधी पेनड्राइव्हवरून तपासा. एक जरी अडलं तर त्या मशीनवर विंडोज ठेवा. दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा दिवस आपल्या हौसेपायी जाता कामा नये.

सुरुवात शाळेतल्या एका मशीनपासून करू. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-चार मुलामुलींनी ते ताब्यात घ्यावं, बिघडवावं, पुन्हा बसवावं. जूनमध्ये शाळा उघडली की बाकीची मशीनं त्यांच्याच हाती द्या. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर इथं टेबलाशी या. फाईल चढवलेले पेनड्राइव्ह मी आणले आहेत.