लेकीची फी भरण्याआधी



आपल्या कोयना खोऱ्यात शेती आणि फौज एकाच घरात नांदतात. फौजी पेन्शनवर येतो आणि लेकीला नर्स करायचे म्हटले की दावणीची म्हैस विकायला काढतो. आम्ही म्हणतो, आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अधिकारी दर्जाखालच्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. बारावीला ६० टक्के हवेत. बी.एस्सी. नर्सिंगला जाऊन निवड झाली, तर मुलीला महिना ३,००० रुपये. सहा महिन्यांच्या 'नर्सिंग असिस्टंट' क्लासला ती मिळत नाही. तिथे विचारा, नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे काय? बियाण्याची पिशवी लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका, असे आम्ही नेहमी सांगतो. लेकीचे शिक्षणही तसेच पारखून घ्या!