अर्ज भरायच्या आधी नाव बघा

बहिणींनो, भावांनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. संगणकाची एक खोड सांगतो. आधारवर ‘मोहम्मद’, रेशनकार्डावर ‘महंमद’, बँकेत नुसतं ‘एमडी’. आपल्याला तो एकच माणूस, संगणकाला तीन. माझ्या अब्बांचा घराचा अर्ज एवढ्यावरच परत आला होता.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. देशात कुठंही यांच्या नावावर पक्कं घर नसावं. म्हणजे वडिलांच्या घरात एका खोलीत संसार करणारा भाऊही अर्ज करू शकतो. स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल, तर वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो.

पण जागा नावावर हवी! आपल्याकडं ती अजून आजोबांच्या नावावर असते. आधी सिटी सर्व्हे ऑफिसात वारसनोंद करा. बहिणींची नावं गाळू नका, तो त्यांचा हक्क आहे.

जागाच नसेल, तर म्हाडाची सोडत बघा. कोल्हापूर पुणे मंडळात येतं. अर्ज ऑनलाइन असतो. म्हाडानं एजंट नेमलेला नाही, कुणाला पैसे देऊ नका.

आज घरी गेल्यावर अम्मीकडून कागदांची पिशवी घ्या आणि प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. अडलं तर कार्यक्रमानंतर मी इथंच बसलोय.