लिलावात मिळालेला लष्करी ट्रक

लष्करानं सेवेतून काढलेला मालवाहू ट्रक लिलावात घ्यावा का, आणि घेतलाच तर तो चालवावा कसा, यावर बोलावं असं आकाशवाणीनं सुचवलं. विषय ऐकला की पहिला विचार किमतीचाच येतो. नव्या ट्रकच्या मानानं अगदी थोड्या पैशांत सगळ्या चाकांनी ओढणारी, चिखलाला न जुमानणारी गाडी मिळत असेल, तर घोडं अडतं कुठे? माझं म्हणणं असं की लष्कराचा ट्रक हा एका मोठ्या व्यवस्थेचा निम्मा भाग असतो. उरलेला निम्मा भाग म्हणजे त्याची रोज तपासणी करणारा चालक, छावणीतलं वर्कशॉप, सुट्या भागांचं कोठार आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा सुभेदार. तो भाग लिलावात निघत नाही, तो छावणीतच राहतो. घेणाऱ्यानं तो स्वतः उभा करावा लागतो, आणि ज्याला ते जमतं त्यालाच हा ट्रक स्वस्त पडतो. उदाहरणादाखल मी अमेरिकन लष्कराचा एम-३५ घेतो. तिकडे नागरिकांनी हा ट्रक मोठ्या संख्येनं विकत घेतला आहे आणि त्याच्या दुरुस्तीची पुस्तकं सर्वांना खुली आहेत, त्यामुळे त्याच्याबद्दल खात्रीनं बोलता येतं.

हा ट्रक अडीच टनी म्हणून ओळखला जातो. आराखडा रिओ मोटर कंपनीचा, १९५०च्या सुमाराचा. पुढे व्हिएतनामच्या युद्धात तो सगळीकडे धावला आणि पुढची कित्येक दशकं सेवेत राहिला. अडीच टन हे रस्ता सोडून रानातून जाताना न्यायचं ओझं, म्हणजे साधारण २२७० किलो. चांगल्या सडकेवर त्याच्या दुप्पट न्यायची परवानगी. रिकाम्या गाडीचं वजन सहा टनांच्या घरात, आणि ते ओढायला ७.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. त्याची ताकद मात्र अवघी १३५ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या मोटारगाडीपेक्षाही कमी. वेगाची कमाल ताशी ९० किलोमीटर. स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, टपावर ताडपत्री, आणि केबिनमध्ये इंजिनाचा असा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं. हे ऐकून कुणी म्हणेल, ही तर मागास गाडी. तसं नाही. तिच्याकडून वेगाची किंवा आरामाची अपेक्षाच नव्हती. शेतावरून किंवा कारखान्यातून भरती झालेल्या वीस वर्षांच्या मुलाला ती थोड्या दिवसांत शिकता यावी, आणि मोडली तर तिचा अख्खा भाग उतरवून कोठारातला दुसरा चढवता यावा, एवढीच अपेक्षा होती. ती तिनं उत्तम पुरी केली. पण त्यात ते कोठार गृहीत धरलेलं होतं, हे विसरू नका.

आता मी ज्या गोष्टीवर जरा रेंगाळणार आहे ती म्हणजे या ट्रकची पुस्तकं. अमेरिकन लष्करात देखभालीच्या पायऱ्या ठरलेल्या असत. चालकानं काय करायचं त्याचं एक पुस्तक, तुकडीच्या मेकॅनिकनं काय करायचं त्याचं दुसरं, त्यावरच्या वर्कशॉपचं तिसरं, सुट्या भागांच्या याद्या वेगळ्या आणि तेल-ग्रीस कुठे, केव्हा घालायचं त्याचा तक्ता आणखी वेगळा. चालकाच्या पुस्तकात निघण्यापूर्वी, चालवताना आणि परतल्यावर काय काय पाहायचं याचा सविस्तर तक्ता आहे. हवेच्या टाक्यांतलं पाणी काढून टाकणं, डिझेलच्या फिल्टरमधून पाणी सोडणं, चाकांच्या नटांवर हात फिरवणं, गाडीखाली तेल ठिबकलंय का ते वाकून बघणं. ही कामं आपल्या एसटीच्या आगारातल्या माणसांना नवी नाहीत. विशेष हे की एवढी पुस्तकं असूनही सैनिक ती वाचत नाहीत हे लष्कराच्या ध्यानात आलं, आणि १९५१च्या जूनपासून त्यांनी ‘पीएस’ नावाचं छोटेखानी मासिक काढलं. त्याची चित्रं करायला बोलावलं विल आयस्नर यांना. अमेरिकन चित्रकथांच्या क्षेत्रात ज्यांच्या नावानं आज पुरस्कार दिले जातात तेच हे आयस्नर. सुमारे वीस वर्षं त्यांनी या मासिकाचं काम पाहिलं. ग्रीस कुठे द्यावं, बॅटरीचं पाणी का तपासावं, ढिला पट्टा ओढून कसा घ्यावा, हे त्यांनी चित्रकथेतून सांगितलं. जगातल्या एका बलाढ्य लष्करानं आपल्या काळातल्या मोठ्या चित्रकाराला ग्रीसच्या बंदुकीची चित्रं काढायला बसवलं. देखभालीचं मोल त्या संस्थेला किती कळलं होतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. आणि आजचा खरेदीदार? गाडीच्या रंगावर, पुढच्या विंचवर, हौद्यात कोणती बाकं बसवायची यावर महिनोन्‌महिने खल करतो आणि चालकाचं पुस्तक उघडतही नाही. हे मला पटत नाही. ते पुस्तक फुकट मिळतं. ज्यानं ते वाचलेलं नाही त्यानं लिलावात बोली लावू नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

यावर नेहमी एक आक्षेप येतो. लोक म्हणतात, या गाड्या फार चाललेल्या नसतात. चाळीस वर्षांची गाडी आणि मीटरवर जेमतेम तीस-चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे इंजिन नवंच की. आकडा खरा असू शकतो, निष्कर्ष चुकीचा आहे. गाडी जितकी चालून झिजते तितकीच उभी राहूनही बिघडते. आपल्याकडे बंद पडलेला वाडा राहत्या वाड्याआधी ढासळतो, तसंच हे. ऑइल सीलचं रबर सुकतं आणि चाकाच्या आतलं तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरतं. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण बाजूच्या भिंतींना बारीक चिरा गेलेल्या असतात. म्हणून टायरवर त्याच्या जन्माचा आठवडा आणि साल छापलेलं असतं ते वाचा. २००० सालापासूनच्या टायरवर हे चार अंकी असतं. नक्षी पाहू नका, साल पाहा. पुन्हा सांगतो, साल पाहा.

ब्रेकची गोष्ट त्याहून गंभीर आहे. एम-३५ची मूळ रचना अशी की पायाखालच्या पेडलला हवेच्या दाबाची मदत मिळते, पण चाकांपर्यंत जोर पोचतो तो तेलानं, आणि ते तेल सगळ्या चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून जातं. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तर दुसरा गाडी थांबवतो. इथे एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक नळी गंजून फुटली, की पायाचा ब्रेक संपूर्ण जातो. उरतो तो हातब्रेक, आणि तोही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर बसवलेला, मुख्यतः उभ्या गाडीसाठी. लष्करात हा दोष खपून गेला, कारण गाडी रोज कुणीतरी तपासत होतं, ठरल्या मुदतीत ड्रम उतरत होते. तीच गाडी शेडमध्ये वर्षभर उभी ठेवून दिवाळीच्या सुट्टीत घाटात घातली तर त्याच दोषाचा अर्थ बदलतो. शिवाय अमेरिकन लष्करानं १९८०च्या दशकात सिलिकॉनचं ब्रेक तेल वापरायला सुरुवात केली. नेहमीचं तेल त्यात मिसळत नाही. दुकानातून मिळेल ती बाटली आणून वर ओतणारा माणूस स्वतःच्या हातानं ब्रेक बिघडवून घेतो. चाकांचंही असंच आहे. टायरचा आकार ९.००-२०, आपल्याकडच्या जुन्या ट्रकांचा अगदी ओळखीचा, आणि डिस्कला बाहेरून अडकवलेली लॉक रिंग. नीट न बसलेली रिंग हवा भरताना तोफेच्या गोळ्यासारखी सुटते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. अशी चाकं लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरायची, असा अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा नियमच आहे. आपल्याकडे हायवेच्या कडेला पंक्चरवाला रिंगवर हातोडा मारतो आणि शेजारी मुलं उभी असतात. कृपा करून मुलांना तिथून दूर नेत जा, ट्रक कोणाचाही असो.

दुसरा आक्षेप इंधनाचा. या ट्रकचं इंजिन बहुइंधनी आहे. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, आणि अडीअडचणीला पेट्रोलसुद्धा चालतं. पिस्टनमधल्या वाटीसारख्या पोकळीत इंधन जाळण्याची ही पद्धत जर्मनीच्या मान कंपनीची. मग लोक म्हणतात, हॉटेलांतलं तळणीचं उरलेलं तेल आणि गॅरेजमधलं काळं तेल घालून फुकटात चालवू. इंजिन ते जाळतं, हे मान्य. पण लष्करानं ही सोय केली ती रसद तुटली तर गाडी अडू नये म्हणून, काटकसरीसाठी केलेली नव्हती. न गाळलेलं तेल आधी फिल्टर तुंबवतं, मग इंधनाचा पंप खातं, आणि त्या पंपाच्या दुरुस्तीच्या बिलात पुष्कळ डिझेल आलं असतं. वर काळ्या तेलाचा धूर. तो आपल्या मागून येणाऱ्यांच्या छातीत भरतो, हा हिशेब फुकट इंधनवाले कधी मांडत नाहीत. डिझेलवर ही गाडी लिटरला साधारण चार किलोमीटर देते. ते परवडत असेल तरच घ्यावी.

मग कुणीच घेऊ नये का? असं मी म्हणत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा भक्कम पुरावा नेमका इथेच आहे. अमेरिकेच्या वनखात्यामार्फत लष्कराची वापरातून काढलेली वाहनं गावोगावच्या अग्निशमन दलांना मिळतात. हौद्यात पाण्याची टाकी आणि पंप बसवला की रानातला वणवा विझवायला हाच ट्रक जातो. अशी कितीतरी दलं स्वयंसेवकांवर चालतात, पैसे बेताचेच. तरी तिथे हे ट्रक वर्षानुवर्षं काम देतात. का? कारण तिथे शेड आहे, गाडीला नेमून दिलेला माणूस आहे, ठरल्या दिवशी इंजिन सुरू करून पंप चालवून पाहण्याचा नेम आहे, नोंदवही आहे. म्हणजे छावणीत राहून गेलेला तो निम्मा भाग त्यांनी लहान प्रमाणावर पुन्हा उभा केला. पुरात अडकणाऱ्या गावाच्या संघटनेला, डोंगरातल्या मोठ्या बागायतदाराला हे जमू शकतं. हौस म्हणून घेणाऱ्या एकट्या माणसालाही जमेल, पण ड्रम उतरवायला आणि अवजड चाक हलवायला जागा, हत्यारं आणि दोन धडधाकट हात जास्तीचे हवेत. सुटे भाग स्वस्त असतात, असं सांगतात. एम-३५च्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, कारण गाड्या अमाप बनल्या आणि भागांचे साठेही विकायला निघाले. पण ते त्या देशात. जहाजानं मागवलेल्या ड्रमचं भाडं ड्रमहून जास्त होतं.

वेळ थोडा उरलाय, म्हणून आपल्याकडचं भरभर सांगतो. आपला शक्तिमान ट्रक त्याच मान कंपनीच्या परवान्यानं जबलपूरला बनला. १९९०च्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं, त्यामुळे भाग मिळवणं हीच तिथे मुख्य अडचण. सरकारी लिलाव बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात आणि माल जसा आहे, जिथे आहे तसाच उचलावा लागतो. नंतर तक्रार चालत नाही, म्हणून पाहणीच्या दिवशी जा, गाडीखाली शिरा, फक्त फोटो पाहून बोली लावू नका. कागदांचं सगळ्यांत आधी पाहा. लष्कराच्या वापरातली गाडी आरटीओच्या नेहमीच्या नोंदणीत नसते. तिच्यावर बाणाची खूण असलेला लष्करी क्रमांक असतो, आणि रस्त्यावर आणायची तर नागरी नोंदणी नव्यानं करावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवायची नाही, असा नियम आहे. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातल्या खास वाहनांना त्यातून सूट आहे, पण ती सूट लष्कराला आहे, तुम्हाला नाही. तेव्हा लिलावाच्या अटींत ती गाडी भंगार म्हणून निघालीय की वापरण्याजोगी म्हणून, हे अक्षरन्‌अक्षर वाचा. भंगार म्हणून घेतलेली गाडी तोडायचीच असते. शंका असेल तर ते अटींचं पत्रक घेऊन आधी आपल्या आरटीओत जा, नोंदणी होईल का ते विचारा, उत्तर लेखी मागा, आणि मगच अनामत भरा. बॅटऱ्यांबद्दल, २४ व्होल्टच्या वायरिंगबद्दल सांगायचं राहिलं. एवढंच लक्षात ठेवा, दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात, त्यांतल्या एकीवरून रेडिओ किंवा दिवा जोडू नका, दोन्ही खराब होतील.