सांगली स्टेशनवरची शिट्टी आणि न जुळणारं क्लॉक

कराडहून बोलतोय. आजचा एपिसोड हार्डवेअरचा आहे, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी स्किप करू नका. घोळ कधीकधी आपल्याच कोडमध्ये निघतो.

आपल्याकडे विहिरीवर मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे डबे बरेच दिसतात. अशा डब्यात १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला बक कन्व्हर्टर, म्हणजे स्टेप-डाउन स्विचिंग रेग्युलेटर वापरतात. समजा तो २५० किलोहर्ट्झने स्विच होतोय. त्याची पाचपट १२५०. आणि सांगली आकाशवाणी मीडियम वेव्हवर १२५१ ला. फरक १ किलोहर्ट्झचा, जो कानाला सरळ ऐकू येतो. शेजारी रेडिओ लावला की बातम्यांमागे शिट्टी!

उपाय असा की चिपला बाहेरून ३०० किलोहर्ट्झचं क्लॉक द्यायचं. मग पटी येतात १२०० आणि १५००, स्टेशनपासून लांब. नुसता रेझिस्टर बदलून ३०० केलं तर? तो आकडा चार टक्के वर सरकला की चौपट १२४८, परत तिथेच. क्रिस्टलवरचं क्लॉक असं सरकत नाही.

आता क्लॉक दिलं, तरी शिट्टी तशीच. काय बघायचं?

एक, चिपला सिंक पिन आहे का? स्वस्तात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवरच्या एलएम२५९६ ला ती नाहीच. तो स्वतःच्या १५० किलोहर्ट्झवरच चालणार.

दोन, स्कोपच्या एका चॅनेलवर क्लॉक आणि दुसऱ्यावर स्विच नोड लावा, म्हणजे चिप आणि कॉइल जोडलेली जागा. ट्रिगर क्लॉकवर. दुसरी लाट स्थिर उभी राहिली तर सिंक आहे, सरकत राहिली तर नाही. हे लोड लावूनच बघा, कारण हलक्या लोडवर बऱ्याच चिप मुद्दाम पल्स गाळतात.

तीन, आणि गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. बऱ्याच चिपमध्ये आत एक रॅम्प चढत असतो आणि बाहेरचा पल्स तो मध्येच तोडून नवा सुरू करतो. म्हणून चिपची स्वतःची फ्रिक्वेन्सी क्लॉकपेक्षा कमी हवी. रेझिस्टरने २९० ठेवलं, तर एखाद्या बोर्डवर ती प्रत्यक्षात ३०५ भरेल. मग पल्स यायच्या आधीच रॅम्प संपलेला. एक बोर्ड चालतो, दुसरा नाही, आणि आपण सोल्डरिंगला शिव्या घालत बसतो. २५० ठेवा. पीएलएलवाल्या चिपचा नियम वेगळा असतो, त्यासाठी डेटाशीट उघडा.

चार, पल्सची उंची आणि रुंदी. पिनला २ व्होल्ट लागत असतील आणि प्रोसेसर १.८ चा असेल, तर काही होणार नाही. मोजायचं चिपच्या पिनवरच, प्रोबची ग्राउंड वायर आखूड ठेवून.

पाच, आपला कोड. इंटरप्टमध्ये पिन वर-खाली करून क्लॉक काढलं, तर दुसरा इंटरप्ट आला की पल्स उशिरा पडतो. हार्डवेअर टायमरचं पीडब्ल्यूएम वापरा.

सहावी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मायक्रोकंट्रोलरला वीज याच रेग्युलेटरकडून मिळते. म्हणजे सुरुवातीला क्लॉक नसणारच. चिपने आधी स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर उभं राहायला हवं. काही चिपमध्ये सिंक आणि एनेबल एकाच पिनवर असतात. तिथे प्रोसेसर स्लीपला जाऊन पिन लो राहिली की रेग्युलेटर बंद, म्हणून प्रोसेसरही बंद. टेबलावर हा प्रकार लक्षात येत नाही. शेतात मात्र रात्री दोनला लाईट येते, मोटर सुरू होत नाही आणि कुणाला तरी बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत चालत जावं लागतं.

म्हणून शेवटची टेस्ट नक्की करा: क्लॉक मुद्दाम बंद करा आणि ५ व्होल्ट टिकतात का बघा. शिट्टी गेली आणि हेही जमलं, तरच डबा शेतात लावायचा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!