वसुबारसेला ओवाळतो, मग लक्ष्मीपूजनाला?
(दिवाळीआधीच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



आज बचत-कर्जाचंच बोलायचंय, पण सुरुवात फटाक्यांपासून करते.

मागच्या दिवाळीनंतर एका ताईंचा हप्ता थकला. मी वहीत लाल खूण केली नि पुढे गेले. महिन्याभरानं त्यांच्या ओसरीवर बसले तेव्हा कळलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारी सुतळी बाँब फुटले. अंगणात बांधलेली गाभण शेळी बिथरली, उड्या मारताना गळ्यातल्या दाव्याचा फास बसला. घरातले सगळे पूजेत होते. शेळी गटाच्या कर्जातून घेतलेली. ती गेली, पोटातली करडं गेली, हप्ता तेवढा राहिला. मी आधी विचारायला हवं होतं. चूक माझी.

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. मग दोन-तीन दिवसांनी त्यांच्याच गोठ्याशेजारी बाँब का लावू द्यायचे? जनावराला आपल्यापेक्षा बारीक आवाजही ऐकू येतो. हा आवाज कशाचा, हे त्याला कळत नाही. घाबरलेली गाय पान्हा चोरते, म्हणजे दुधाचा पैसाही जातो.

म्हणून एवढं करा:

• त्या दिवशी धार आणि वैरण-पाणी अंधार पडायच्या आत उरका.
• शेळ्या अंगणात ठेवू नका, आत घ्या. दाव्याला सरकगाठ नको. करडं आईजवळच असू द्या.
• गोठ्यात बारीक दिवा चालू ठेवा, म्हणजे बाहेरचा लखलखाट कमी जाणवतो. रस्त्याकडच्या बाजूला गोणपाट लावा, पण हवा कोंडू देऊ नका.
• कडब्याच्या गंजीजवळ फटाका नको. पाण्याच्या बादल्या भरून ठेवा.
• कुत्रं बाजेखाली लपलं तर ओढून काढू नका, रागावू नका. दार लावून घ्या, नाहीतर पळून जातं.
• माणसाची झोपेची गोळी जनावराला कधीच देऊ नका. इजा झाली, गाभण जनावर अस्वस्थ वाटलं, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा.
• सकाळी आधी अंगण झाडा. फटाक्यांचे कागद, दारू, तारा शेळ्यांच्या तोंडी लागता कामा नयेत.

पोरांना फटाके उडवू नका म्हटलं तर ऐकणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. माझाही भाऊ ऐकत नाही! पण जागा आणि वेळ आपण ठरवू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ सांगितली आहे. तेव्हा प्रत्येक गटानं या आठवड्याच्या बैठकीत ठराव लिहावा: फटाके मोकळ्या मैदानात, गोठ्यापासून लांब, दहाच्या आत. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि गल्लीतल्या पोरांना बोलावून वाचून दाखवा.

आणि दिवाळीनंतर मी येईन तेव्हा वही उघडायच्या आधी गोठ्यात डोकावेन. जनावरं कशी आहेत, ते आधी विचारेन.