दोन जिवाची बाई आणि तिची इम्युनिटी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे मेळघाटात आहेत अन् रेंज नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'ॲक्च्युअली' तेवढे काढलेत.

अकोटहून एका दादाचा व्हॉइस मेसेज आला. बायकोला सातवा महिना, घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप. त्याची आई म्हणते, दोन जिवाच्या बाईच्या अंगात ताकद नसते, तिला इंजेक्शन-बिंजेक्शन काही देऊ नका. दादा विचारतो, "भाऊ, खरंच इम्युनिटी कमी होते का?"

मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण या प्रश्नाच्या मागे लागलो अन् जे सापडलं ते लय भारी आहे.

आधी मूळ कोडं समजून घ्या. पोटातलं बाळ अर्धं बापाचं. म्हणजे आईच्या शरीरासाठी अर्धं परकं. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर तिच्यावर तुटून पडतं, मग बाळाला नऊ महिने कसं काय सांभाळतं? पीटर मेडावार नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५३ मध्ये हा प्रश्न नीट मांडला. पुढे १९६० मध्ये त्याला नोबेल मिळालं, ते प्रतिकारशक्तीवरच्याच कामासाठी. त्यानंतर बरीच वर्षं सोपं उत्तर चाललं: आईची प्रतिकारशक्ती दबलेली असते. आपल्या आज्या तेच म्हणतात, अन् खूप काळ पुस्तकंही तेच म्हणायची.

पण गर्भपिशवीच्या आत पाहिलं तर चित्र वेगळंच निघालं. पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या अस्तरात प्रतिकार करणाऱ्या पेशींची गर्दी असते, आणि त्यातल्या साधारण ७० टक्के असतात नॅचरल किलर पेशी. नाव किलर, पण तिथे त्या मारामारी सोडून वारेला रक्त नीट मिळावं म्हणून रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. सोबत काही टी-पेशी 'हे आपलंच आहे, शांत राहा' एवढं सांगायचं काम करतात. म्हणजे फायरवॉल बंद केलेली नाही, तिचे नियम बदललेत.

आणि रक्तातल्या पेशींचं काय? २०१४ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी गरोदर आणि गरोदर नसलेल्या बायांचं रक्त घेऊन त्यातल्या पेशींना प्रयोगशाळेत फ्लूचा विषाणू दाखवला. गरोदर बायांच्या पेशी थंड पडायला पाहिजे होत्या ना? उलट त्याच जास्त जोरात भडकल्या. त्यावरून आता असं मानतात, की फ्लूमध्ये गरोदर बाईच्या फुप्फुसाला जी इजा होते, तिच्यात कमी लढण्यापेक्षा जास्त लढण्याचा वाटा असू शकतो. सूज वाढते, फुप्फुसात पाणी भरतं.

त्यात फुप्फुसांकडे जागाच कमी. पोट वाढतं तसा छातीखालचा पडदा सुमारे चार सेंटीमीटर वर ढकलला जातो. श्वास सोडल्यावर आत शिल्लक राहणारी हवा शेवटच्या महिन्यांत साधारण पाचव्या भागानं कमी होते, आणि ऑक्सिजनची गरज तेवढीच वाढते. थोडक्यात राखीव साठा लहान, खर्च मोठा. अशात न्यूमोनिया झाला तर घसरण फार पटकन होते.

२००९ च्या स्वाईन फ्लूत अमेरिकेत हे आकड्यांत दिसलं. लोकसंख्येत गरोदर बाया जेमतेम १ टक्का, मृत्यूंमध्ये ५ टक्के.

आता घरचं. फेब्रुवारी २०२१ आठवतो का? कोविडची दुसरी लाट महाराष्ट्रात आधी जिथे दिसली, त्यात आपला अमरावती अगदी पुढे. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूर बंद, अकोल्यातही तेच. बाकी देश तेव्हा लग्नं लावत होता! त्या लाटेत गरोदर बायांचं काय झालं याची नीट नोंद मुंबईच्या नायर रुग्णालयात ठेवली गेली. पहिल्या लाटेतल्या १,१४३ जणी आणि दुसरीतल्या ३८७ जणी. मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होतं, दुसरीत ५.७ टक्के. हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिलो. कारण त्या काळात गरोदर बायांना लस देतच नव्हते. परवानगी आली २ जुलै २०२१ ला, लाट ओसरल्यावर. 'नाजूक आहे, नको द्यायला' हा विचार फक्त अकोटच्या आईंचाच नाही, बरं का. वरपर्यंत तोच होता.

तर दादा, तुझ्या आईशी भांडू नको. त्यांची काळजी खरी आहे, धोकाही खरा आहे. फक्त लस नाकारायचं कारण तिथे लागू होत नाही. फ्लूच्या इंजेक्शनमध्ये मेलेला विषाणू असतो, आजार होऊ शकत नाही, अन् गरोदर बाईचं शरीर त्याला चांगलं उत्तर देतं. महाराष्ट्रात २०१५ पासून दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांना ही लस सरकारी दवाखान्यात मोफत देण्याचं धोरण आहे. साठा प्रत्येक वेळी असेलच असं नाही, म्हणून आशाताईंना किंवा अमरावतीत डफरीनला आधी विचारून घ्या.

आणि आईंना हे नक्की सांग: लसीनंतर सुनेच्या रक्तात ज्या अँटीबॉडी तयार होतील, त्या वारेतून नातवाकडे जातील. वार त्या बाळाकडे मुद्दाम ओढून नेते, शेवटच्या महिन्यांत तर सगळ्यात जास्त. बाळाला सहा महिन्यांआधी फ्लूची लस देताच येत नाही. तोपर्यंत त्याच्याकडे आईनं दिलेलंच असतं, पोटात असताना रक्तातून आणि नंतर दुधातून.

लस राहू दे, आत्ता तर घरात ताप आहे. वहिनींना ताप आला तर 'दोन दिवस पाहू' करू नको, त्याच दिवशी दवाखाना. फ्लूचं औषध गरोदरपणात देतात, आणि पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. ते डॉक्टरच ठरवतील, मेडिकलवाला नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असेल तर ९५ च्या खाली गेलं की थांबायचं नाही. बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर थेट १०८ ला फोन लाव. ऑटो शोधत बसू नको.