गोधडीवरील रंगकाम : काही व्यवहार्य विचार

(महिला बचत गटांना मार्गदर्शन करणारे ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोधडी ही आपल्या घरातील इतकी ओळखीची वस्तू आहे, की तिच्याविषयी व्याख्यान द्यावे लागेल असे पूर्वी कोणाला वाटले नसते. परंतु गेल्या काही वर्षांत गोधडी घरातून बाजारात आली आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांत तिला मागणी आहे, आणि ती अधिक आकर्षक दिसावी म्हणून तिच्यावर कुंचल्याने फुले, पक्षी, वेलबुट्टी रंगविण्याची पद्धतही रूढ होत आहे. या रंगकामाचे स्वागत करावे की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे नाही. ते कसे करावे, कोठे करू नये आणि त्यात भगिनींचे श्रम व पैसा वाया कसा जाणार नाही, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपल्या जुन्या गोधडीला रंग लावावा लागत नसे, कारण रंग कापडातूनच येई. विरलेली नऊवारी लुगडी, धोतरे, परकर, चोळीचे खण यांचे थर एकावर एक अंथरावयाचे, काठाचे तुकडे कडेला लावावयाचे आणि मग धावदोऱ्याने सारे एकजीव करावयाचे, ही तिची रीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रियाही अशाच जुन्या कापडांची ‘कवंदी’ शिवतात. त्या कडेपासून आरंभ करून टाके घालीत मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांना ‘फूल’ म्हणून त्रिकोणी तुकडे जोडतात. येथेही रंगसंगती साधते ती चिंध्यांच्या निवडीतून.

आज अडचण कापडाचीच आहे. घरात जुने होणारे लुगडे आता बहुधा सुती नसते. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम शोषीत नाहीत, थर शिवताना निसटतात आणि त्यांची गोधडी अंगाला उबेपेक्षा चिकटपणाच अधिक देते. त्यामुळे विक्रीसाठी शिवणारे गट बाजारातून मांजरपाट आणतात. मांजरपाट उत्तम, पण कोरा. त्या कोरेपणातून रंगाची गरज निर्माण झाली आहे, आणि ती खरी गरज आहे.

येथे प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. कापड रंगाच्या द्रावणात बुडवून रंगविणे आणि कापडावर रंगाचा लेप देणे या दोन अगदी निराळ्या क्रिया आहेत. पहिल्या क्रियेत रंग धाग्याच्या आत शिरतो व त्याला धरून राहतो. दुसऱ्या क्रियेत रंगाची अविद्राव्य भुकटी एका चिकट द्रव्याच्या साहाय्याने धाग्याच्या पृष्ठभागावर बसविलेली असते. दुकानात लहान बाटल्यांतून ‘फॅब्रिक कलर’ म्हणून जो रंग मिळतो तो या दुसऱ्या प्रकारचा. भुकटी स्वतः सहसा फिकी पडत नाही. सुटते ती तिला धरून ठेवणारी चिकटी. म्हणून रंग टिकला की नाही हा प्रश्न बहुतांशी चिकटी पक्की बसली की नाही असा असतो. भित्तिचित्रांत पांढऱ्यासाठी वापरलेले तांदळाचे पीठ कापडावर पहिल्या धुण्यातच का निघून जाते, याचे उत्तरही यातच आहे.

कुंचल्याने वा कलमाने कापड रंगविण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. मच्छलीपट्टणम् व श्रीकालहस्ती येथील कलमकारी ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. सतराव्या व अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावरून असे रंगविलेले पलंगपोस युरोपात जात; तेथे ते पलंगावर अंथरीत आणि त्यांच्या रजयाही शिवीत. इंग्रजीत या कापडाला जे नाव पडले ते आपल्या ‘छीट’ किंवा ‘चीट’ या शब्दावरूनच. या मालाला एवढी मागणी आली, की तेथील विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने आयात रोखली आणि १७२१ च्या कायद्याने तर रंगविलेल्या व छापील सुती कापडाचा वापरच निषिद्ध केला. दोन राज्यांना कायदे करावे लागले ते केवळ नक्षीच्या सौंदर्यामुळे नव्हे. ते कापड धुतले तरी त्याचा रंग जात नसे. हे त्याचे खरे सामर्थ्य होते.

ते सामर्थ्य कशात होते? कलमकार प्रथम कापडाची खळ काढतो व ते हिरडा आणि म्हशीचे दूध यांच्या मिश्रणात भिजवून वाळवितो. हिरड्यातील तुरट द्रव्य पुढील रंगाला पकड देते, दुधातील स्निग्धांशामुळे कलमाची रेघ पसरत नाही. गंजलेले लोखंड व गूळ आंबवून केलेले पाणी हिरड्यावर पडले की काळा रंग उमटतो. जेथे लाल हवा तेथे कलमाने तुरटीचे पाणी लावतात आणि मग कापड लाल रंग देणाऱ्या मुळ्यांच्या काढ्यात उकळतात. तुरटी लागली तेवढ्याच जागी रंग पक्का बसतो. म्हणजे कारागीर तेथे रंग रंगवीतच नाही, रंगाला धरणारे द्रव्य रंगवितो! हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातील आदिवासी बांधव गोळा करून विकतात, तुरटी प्रत्येक किराणा दुकानात मिळते. ज्या गटाला चिकाटी व भरपूर पाणी उपलब्ध आहे त्याने हा मार्ग एखाद्या जाणत्या कारागिराकडून अवश्य शिकावा. परंतु हे काम आठवड्याभराच्या वर्गात येणारे नाही, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. बहुसंख्य गट बाटलीतील रंगच वापरणार, तेव्हा पुढील विवेचन त्याला धरून करतो.

रजई आणि गोधडी यांत व्यवहाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. जयपुरी रजईत पिंजलेला कापूस असतो. ती पाण्यात सहसा घालीत नाहीत, उन्हात टाकतात. आपली गोधडी मात्र घटस्थापनेपूर्वी नदीवर किंवा विहिरीवर जाते, साबण-सोड्यात भिजते, दगडावर आपटली जाते, धोपाटण्याने बडविली जाते आणि दिवसभर कडक उन्हात वाळते. आपल्या रंगाची परीक्षा प्रदर्शनाच्या मांडवात होत नसून त्या दगडावर होते. रंगविलेल्या गोधडीविषयी ज्या तक्रारी कानी येतात, रंगाला भेगा पडल्या, पोपडे सुटले, शेजारच्या कपड्याला डाग लागला, त्या सर्व पहिल्या धुण्यानंतरच्या असतात.

आणि त्यांचे मूळ बहुधा एकाच चुकीच्या क्रमात असते. गोधडी आधी शिवतात आणि मग रंगवितात. शिवलेल्या गोधडीचा पृष्ठभाग उंचसखल असतो, रंग टाक्यांच्या खाचांत साचतो, खालच्या थरांत झिरपतो आणि सुकायला फार वेळ घेतो. मुख्य म्हणजे रंग पक्का होण्यासाठी जी उष्णता लागते ती इतक्या थरांतून पोचत नाही. म्हणून माझा आग्रह असा की वरचे कापड सुटे असतानाच रंगवावे, ते पक्के करावे आणि नंतरच गोधडीला लावून टाके घालावेत. जयपूरच्या रजईचे अस्तरही आधी छापले जाते आणि मग त्यात कापूस भरतात.

कापड सुती असावे. नवा मांजरपाट गरम पाण्यात साबणाने धुऊन त्याची खळ पूर्ण काढावी, नाहीतर रंग खळीवर बसतो व खळीबरोबर जातो. याच धुण्यात कापड आटते, हा दुसरा लाभ. न आटलेले कापड रंगवून शिवले की पुढे गोधडी चुण्या धरते. कापड पाटावर ताणून रंगाचा हात पातळ द्यावा. जाड थर उठून दिसतो खरा, परंतु तो कडक होतो, त्यातून सुई जात नाही आणि घडीवर तोच प्रथम फुटतो. एक पूर्ण दिवस सावलीत वाळू द्यावे. मग उलट बाजूने, सुती कापडाला चालेल एवढ्या गरम इस्त्रीने, प्रत्येक भाग दोन-तीन मिनिटे शेकावा. इस्त्रीत पाणी नको. त्यानंतरही तीन दिवस कापड धुऊ नये. बाटलीवरील सूचना याहून वेगळ्या असतील तर त्याच पाळाव्यात.

गट मोठ्या संख्येने माल करणार असेल तर आधी वीतभर तुकडा रंगवून पाहावा. तो पाच वेळा साबणाने धुवावा, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासावा, अर्धा भाग झाकून महिनाभर उन्हात ठेवावा. वस्त्रोद्योगात धुण्यातील पक्केपणा १ ते ५ आणि उजेडातील पक्केपणा १ ते ८ अशा श्रेणींनी मोजतात. गावात तशी साधने नसली तरी झाकलेला व उघडा भाग शेजारी ठेवून डोळ्यांना जे दिसते ते पुरेसे बोलके असते.

चित्र काढताना टाक्याचा विचार हवा. गोधडीचा प्राण तिच्या टाक्यांच्या ओळींत आहे. ज्या ओळीवरून दोरा जाणार ती जागा कोरी ठेवावी किंवा अगदी विरळ रंगवावी. सुई सुखाने जाते आणि टाकाही उठून दिसतो. सारे कापड रंगाने भरून टाकले तर हाताच्या शिवणीला मोल उरत नाही, आणि ग्राहक तर त्या शिवणीसाठीच येतो. वारली चित्रांना सध्या मोठी मागणी आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकही लाभला. परंतु लग्नघरात मांडला जाणारा पालघट देवीचा चौक पायाखाली येणाऱ्या अंथरुणावर रंगवू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून असे काम करून घेताना हा विवेकही शिकवावा.

आता एका धोक्याविषयी. दारे-खिडक्या रंगवून उरलेला तेलरंग कापडावर वापरण्याचा मोह काही ठिकाणी दिसतो. तो उठावदार असतो व फुकट पडतो. हे सर्वथा टाळले पाहिजे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे माळ्यावरील जुन्या डब्यात किती शिसे आहे याचा भरवसा नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक आहे. तान्हे मूल अंगावरचे कापड तोंडात घालते, चघळते. म्हणून बाळाच्या गोधडीवर कोणताही लेपाचा रंग नको, बाटलीतला सुद्धा. तिला सुती चिंध्यांचे रंग पुरेत. आजीच्या मऊ लुगड्याला पर्याय नाही.

पंचायतींनी येथे काय करावे? समाजमंदिराची एक खोली, लांब पाट व वीजजोडणी मिळाली तरी गटाचे निम्मे काम होते, कारण रंगविलेले कापड दिवसभर धूळ व शेरडाकरडांपासून दूर ठेवणे घरात शक्य नसते. कुंचले धुतलेले पाणी विहिरीजवळ ओतू देऊ नये. किंमत ठरविताना टाक्यांचे तास, रंगकामाचे तास आणि वाळण्यात अडकलेले दिवस यांची नोंद वहीत असावी. ती नसल्यामुळे भगिनी रंगाच्या बाटलीची किंमत तेवढी मिळवतात आणि स्वतःची मजुरी विसरतात. प्रत्येक गोधडीसोबत कापड कोणते, रंग कोणता, धुवावी कशी याची चिठ्ठी मराठीत द्यावी. ‘धोपाटण्याने बडवू नये’ हे वाक्य तीत असलेच पाहिजे.

पलीकडच्या मेजावर मी एकाच रंगाचे तीन तुकडे ठेवले आहेत. पहिला खळ न काढता रंगविला, दुसरा खळ काढून पण न शेकता, तिसरा रीतसर. तिन्ही सारखेच धुतले आहेत. चहाच्या वेळी ते हातात घेऊन, चोळून, उलटसुलट करून पाहावेत. ज्यांना शंका असतील त्यांनी तेथेच विचाराव्यात.